दुष्काळ, टंचाई आणि भूक : एका वगळलेल्या शब्दाविषयी

१९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक छोटा कायदा संमत केला. राज्यात लागू असलेल्या सर्व कायद्यांतून ‘फॅमिन’ हा इंग्रजी शब्द काढून टाकावा आणि त्या जागी ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द घालावा, एवढेच त्याचे प्रयोजन. कायद्याच्या नावातच ते स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामागची भूमिका अशी, की शेतीच्या स्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजले जातात, तेव्हा ‘फॅमिन’ला आता वावच उरलेला नाही. जे उद्भवणारच नाही त्याचे नाव कायद्यात कशाला हवे? त्यानंतर नऊ वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला.

मी मराठीचा अध्यापक आहे. अर्थशास्त्र हा माझा विषय नाही आणि जगातल्या भुकेची कारणे सांगण्याचा अधिकार मला आहे असा माझा दावा नाही. पण एखादा शब्द कायद्याने हद्दपार होतो तेव्हा ती बाब आपल्या, म्हणजे भाषा शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांच्याही, अखत्यारीत येते असे मला वाटते. गेली काही वर्षे भुकेविषयी जे हाती लागेल ते वाचत असताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवत गेली. भूक मोठ्या प्रमाणावर माणसे मारू लागते तेव्हा धान्याच्या आधी शब्दाचा पुरवठा बंद होतो. या लेखात त्याच गोष्टीचा माग काढायचा आहे.

आधी हे पाहू, की ‘फॅमिन’ या शब्दाला कायद्यात एवढे वजन आले कुठून. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यात जो दुष्काळ पडला त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरला, तेव्हा हा दुष्काळ ऐन भरात होता. सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात पाठवले. याच टेंपलसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी बिहारमध्ये ब्रह्मदेशाचा तांदूळ आणवून जवळजवळ कोणाला मरू दिले नव्हते, आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका सोसला होता. या खेपेस त्यांनी काटकसर दाखवली. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा पुरे, असे त्यांनी ठरवले. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि तेही दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या मजुरीच्या निषेधार्थ कामे सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडत राहिली. सावित्रीबाईंनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात हाच दुष्काळ आहे. त्याच वर्षी धनकवडीला सत्यशोधक समाजाने अनाथ मुलांसाठी अन्नछत्र चालवले. या सगळ्या काळात देशातून गव्हाची निर्यात चालूच होती.

या अनर्थानंतर १८८० चा दुष्काळ आयोग आला आणि त्यातून ‘फॅमिन कोड’ जन्माला आले. त्याचा हेतू किती उदार होता यावर मतभेद आहेत, आणि ते असावेत. पण त्याने एक गोष्ट घडवली. दुष्काळ ‘जाहीर’ करणे ही कायदेशीर कृती बनली. जाहीर झाला, की कामे काढणे, अपंगांना फुकट अन्न देणे, सारा तहकूब वा माफ करणे ही सरकारची बांधिलकी ठरू लागली. १८९६–९७ च्या दुष्काळात टिळकांनी आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी नेमके हेच हेरले. त्यांनी फॅमिन कोडमधल्या तरतुदी मराठीतून शेतकऱ्यांपर्यंत नेल्या : पीक बुडाले असेल तर सारा भरण्याचे कारण नाही, हे कायदाच सांगतो आहे. सरकारला हा प्रचार राजद्रोहासारखा झोंबला, तो उगाच नव्हे. एका शब्दाच्या आधाराने रयत हक्काची भाषा बोलू लागली होती. म्हणून १९६३ मध्ये जे वगळले गेले ते केवळ एक नाम नव्हते. त्या नामाला चिकटलेले एक देणे होते.

मराठीत मात्र एक गंमत झाली. गंमत म्हणायची ती केवळ भाषिक अर्थाने. इंग्रजीत ‘ड्रॉट’ आणि ‘फॅमिन’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात पाऊस नाही, दुसऱ्यात अन्न नाही. आपल्याकडे या दोहोंना मिळून ‘दुष्काळ’ हा एकच शब्द. ‘अवर्षण’ हा शब्द आहे, पण तो पोथीतला आणि अहवालातला. पारावर बसलेला माणूस पावसाने दगा दिला तरी दुष्काळ म्हणतो आणि चूल पेटली नाही तरी दुष्काळच म्हणतो. त्यामुळे कायद्यातून ‘फॅमिन’ गेला तरी ‘दुष्काळ’ हा शब्द बोलण्यात राहिला. फक्त त्याचा अर्धा अर्थ गळून गेला. आज सरकारदरबारी दुष्काळ मोजला जातो तो पर्जन्यमान, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतला ओलावा, उपग्रहाला दिसणारी हिरवाई यांवरून. माणसाच्या पोटाचा त्यात कुठेही निर्देशांक नाही. आणि तो अर्धा शब्दही सहजी मिळत नाही. ‘टंचाई’, ‘टंचाईसदृश’, ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ अशा पायऱ्या त्याच्या आधी आहेत. २०१६ च्या मे महिन्यात, उच्च न्यायालयात प्रश्न उपस्थित झाल्यावर, ‘दुष्काळसदृश’ असे जिथे म्हटले आहे तिथे ‘दुष्काळ’ असे वाचावे, असा खुलासा राज्य सरकारला करावा लागला. सुमारे एकोणतीस हजार गावांचे भवितव्य ‘सदृश’ या एका प्रत्ययवजा शब्दावर टांगलेले होते. अलंकारशास्त्रात आपण उपमा आणि रूपक यांतला भेद शिकवतो. त्या भेदाला असे मोल येऊ शकते हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

‘दुष्काळ’ या शब्दाची घडण तशी सरळ आहे. वाईट काळ. दोष काळाचा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या आणि दीर्घकाळ चाललेल्या दुष्काळाला तर ‘दुर्गादेवीचा दुष्काळ’ असे देवीचेच नाव मिळाले. काळ आणि देव यांच्यावर कोणाला दावा लावता येत नाही. पण याच परंपरेने दामाजीपंतांची कथाही जपली आहे. मंगळवेढ्यात माणसे अन्नावाचून मरत होती आणि सरकारी कोठारे धान्याने भरलेली होती. दामाजीपंतांनी ती उघडली. बादशहाचा कोप टाळण्यासाठी विठोबाला विठू महार होऊन बेदरला धान्याची किंमत पोहोचवावी लागली. आपण ही कथा भक्तीचा महिमा म्हणून ऐकतो आणि तो तिच्यात आहेच. परंतु तिच्यातली एक गोष्ट आपण सहसा अधोरेखित करीत नाही : या कथेत धान्य पहिल्यापासून आहे. नाही ती ते घेण्याची सत्ता. देवानेही इथे पाऊस पाडलेला नाही, त्याने फक्त पैसे भरले आहेत. १६३०–३२ च्या दुष्काळात तुकारामांची पहिली बायको अन्नावाचून गेली, दुकानदारी बुडाली, हे त्यांच्या आत्मपर अभंगांतून आपल्याला ठाऊक आहे. तिथेही पाऊस, बाजार, पत आणि प्रतिष्ठा या साऱ्यांचा ऱ्हास एकत्र येतो. एकट्या पावसाची ती हकीकत नाही.

दामाजीपंतांच्या कथेतली ही सूक्ष्म जाण विसाव्या शतकात शास्त्राच्या भाषेत मांडली ती अमर्त्य सेन यांनी. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी नऊ वर्षांचे असताना शांतिनिकेतनात पाहिला होता. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की १९४३ मध्ये बंगालमधला धान्याचा एकूण साठा मागल्या पाच वर्षांच्या सरासरीहून फार तर पाच टक्क्यांनी कमी होता आणि ज्या १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता त्या वर्षापेक्षा तो जास्तच होता. मग सुमारे तीस लाख माणसे मेली कशाने? कलकत्त्यात तांदळाचा मणाचा भाव १९४२ च्या डिसेंबरात तेरा-चौदा रुपये होता. तो पुढच्या ऑगस्टपर्यंत सदतीस रुपयांवर गेला. युद्धखर्चाने चलन फुगले, साठेबाजी झाली, जपानी येतील या भीतीने किनाऱ्यावरच्या नावा आणि तांदूळ काढून घेण्यात आला, शहरातल्या कारखान्यांच्या कामगारांना मात्र स्वस्त धान्य पुरवण्यात आले. शेतमजुराची मजुरी होती तिथेच राहिली. मासे विकणाऱ्या कोळ्याचे, केस कापणाऱ्या न्हाव्याचे गिऱ्हाईक आधी गेले आणि मग अन्न गेले. हे लोक मेले. ज्यांच्याकडे विकायला स्वतःचे श्रम आणि सेवा यांखेरीज काही नव्हते तेच मेले. कलकत्त्याच्या रस्त्यांवर ते भातही मागत नव्हते. दारोदार ‘फ्यान दाओ’ म्हणत होते. फ्यान म्हणजे भाताचे निवळ, जे एरवी ओतून देतात.

आणि याही वेळी फॅमिन कोड लागू केले गेले नाही. कायद्यात शब्द होता, पण उच्चारला गेला नाही. उच्चारला असता तर त्यातल्या तरतुदींप्रमाणे धान्य पुरवावे लागले असते, आणि ते द्यायची तयारी नव्हती. २२ ऑगस्ट १९४३ रोजी ‘स्टेट्समन’ने रस्त्यावरच्या मृतांची आणि मरणासन्न माणसांची छायाचित्रे छापली तेव्हा जगाला हा दुष्काळ ‘दिसला’. चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूर हिंडून काढलेल्या रेखाटनांचे ‘हंग्री बेंगाल’ हे पुस्तक सरकारने जप्त करून नष्ट केले. बिजन भट्टाचार्यांचे ‘नबान्न’ १९४४ मध्ये रंगभूमीवर आले. जे नाव शासन घेत नव्हते ते छायाचित्रकाराने, चित्रकाराने, नाटककाराने घेतले.

बंगालची ही कहाणी अपवाद असती तर बरे झाले असते. आयर्लंडमध्ये १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावर रोग पडला, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून ओट आणि गुरे इंग्लंडला जात होती. म्हणून पुष्कळ आयरिश लोक आजही इंग्रजी ‘फॅमिन’ या शब्दाला नाके मुरडतात. त्यांच्या भाषेत त्याला ‘मोठी भूक’ म्हणतात. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या वर्षांत काही कोटी माणसे भुकेने मेली. सरकारी भाषेत त्या काळाचे नाव ‘नैसर्गिक आपत्तीची तीन वर्षे’ असे पडले. युक्रेनमध्ये १९३२–३३ साली सक्तीच्या धान्यवसुलीने पस्तीस ते चाळीस लाख माणसांचा बळी घेतला आणि सोव्हिएत राजवटीने तो झालाच नाही असे पन्नासहून अधिक वर्षे म्हटले. युक्रेनी भाषेत त्याचे नाव ‘होलोदोमोर’ : होलोद म्हणजे भूक, मोर म्हणजे सामुदायिक मरण. या ‘मोर’चे आणि आपल्या ‘मृ’ धातूचे मूळ एकच आहे.

हे वाचताना मला आपल्या ‘उपासमार’ या शब्दाची आठवण होते. ‘उपास’ आपण करतो. त्यात इच्छा आहे, व्रत आहे, दुसऱ्या दिवशीचे पारणे आहे. त्याच्यापुढे ‘मार’ आला, की इच्छा संपते आणि मारणारा कोणीतरी सूचित होतो. परंतु वाक्यात मात्र आपण ‘उपासमार झाली’ असेच लिहितो. ‘उपासमार केली’ असे क्वचित. ‘उपाशी राहिला’ आणि ‘उपाशी ठेवले’ यांत एकच क्रियापद बदलते, पण कर्ता प्रकट होतो. भुकेच्या बातम्या वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्यावे असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. अलेक्स द वाल या अभ्यासकाने इंग्रजीतल्या ‘स्टार्व्ह’ या क्रियापदाबद्दल असेच म्हटले आहे, की ते मूलतः सकर्मक आहे. कोणीतरी कोणाला तरी उपाशी मारतो.

आज जगात दुष्काळ ठरवण्याची एक सर्वमान्य मोजपट्टी आहे. एखाद्या प्रदेशातील किमान वीस टक्के कुटुंबांना अन्नाची पराकोटीची वाण, किमान तीस टक्के मुले तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांमागे रोज किमान दोन मृत्यू, एवढे सिद्ध झाले, की तो पाचवा टप्पा म्हणजे ‘फॅमिन’. या व्याख्येने २०११ मध्ये सोमालियात, २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये, २०२४ मध्ये सुदानमधल्या झमझम छावणीत आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ असल्याचे घोषित झाले. ही सगळी ठिकाणे युद्धाची आहेत. अवर्षण सोमालियात होते, पण तिथेही युद्धाने वाटा बंद केल्या होत्या. गाझाची घोषणा इस्रायलने अमान्य केली. नावावरचा वाद आजही तसाच आहे.

या मोजपट्टीची गरज मी नाकारत नाही. प्रत्येक हलाखीला दुष्काळ म्हटले तर शब्द बोथट होईल आणि खरोखरीच्या हाकेला कोणी धावणार नाही. पण तिच्यातली एक गोष्ट मन अस्वस्थ करते. दर दहा हजारांमागे दोन मृत्यू मोजायचे, तर ते आधी घडावे लागतात. सोमालियात २० जुलै २०११ रोजी दुष्काळ घोषित झाला. त्या दुष्काळात सुमारे दोन लाख साठ हजार माणसे मेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले होती. नंतरच्या अभ्यासात असे आढळले, की मेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसे घोषणेच्या आधीच गेलेली होती. त्यांच्यापुरता तो शब्द आलाच नाही.

आणि हे झाले केवळ ‘दुष्काळा’चे, म्हणजे भुकेच्या सर्वांत टोकाच्या रूपाचे. जगातली बहुतेक भूक या नावाखाली येतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसे, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ८.२ टक्के, अर्धपोटी होती. सकस आहार परवडत नाही अशांची संख्या सुमारे २६० कोटी. पाच वर्षांखालच्या बालकांच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्या मृत्यूंमागे कुपोषण हे एक कारण असते. आता याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवू. जगात वर्षाला २८० कोटी टनांहून अधिक तृणधान्य पिकते. समान वाटले तर माणशी रोज नऊशे ग्रॅमच्या वर येते, टेंपलसाहेबांच्या पौंडाच्या दुप्पट. त्यातले बरेचसे जनावरांच्या खाद्यात आणि मोटारींच्या इंधनात जाते. घरे, दुकाने आणि उपाहारगृहे मिळून २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न वाया गेले. म्हणजे दामाजीपंतांची कोठारे आजही भरलेली आहेत.

अर्धपोटी कोणाला म्हणायचे याचाही एक हिशेब आहे. किमान उष्मांक ठरवताना बैठे वा हलके काम गृहीत धरतात, आणि सरासरी पाहतात ती वर्षभराची. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बाईची भूक बैठ्या कामाच्या मापाने मोजली जाते, आणि आषाढ-श्रावणातले रिकामे डबे सुगीच्या दिवसांत मिसळून जातात. शब्दांचे पाहावे तर अमेरिकेच्या कृषिखात्याने २००६ मध्ये आपल्या वार्षिक पाहणीतून ‘भूक’ हा शब्द वगळला आणि ‘अत्यल्प अन्नसुरक्षा’ असा शब्द आणला. कारण शास्त्रीय दिले होते, की भूक ही शरीराची संवेदना आहे, ती कुटुंबाच्या पाहणीत मोजता येत नाही. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण २०२५ च्या सप्टेंबरात त्या खात्याने ही पाहणीच यापुढे बंद करण्याचे जाहीर केले. आधी शब्द गेला, मग मोजणी गेली.

आपल्याकडे हे अधिक जवळून पाहता येते. २००१ साली ओडिशातल्या काशीपूर भागात आदिवासींचे मृत्यू झाले. ते आंब्याच्या कोयी खाऊन विषबाधेने मेले, असे सरकारचे म्हणणे होते. वैद्यकीय दाखल्यापुरते ते खरेही असेल. पण माणूस कोयी का खातो, हा रकाना दाखल्यावर नसतो. त्याच वर्षी देशाच्या सरकारी गोदामांत सहा कोटी टनांच्या आसपास धान्य पडून होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्कासाठी याचिका दाखल झाली. तिच्यातून शाळांमधले शिजवलेले मध्यान्ह भोजन देशभर आले, आणि पुढे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा. महाराष्ट्रातही २००१ मध्येच बालमृत्यूंविषयी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी नोंदींतून किती बालमृत्यू निसटतात हे त्याने उघडे केले. त्याच्या शीर्षकाने जे केले ते शंभर कोष्टकांना करता आले नसते. मेळघाटात आणि नंदुरबारात मुले मरतात ती मुख्यतः पावसाळ्यात, रान हिरवेगार असताना, काम नसते आणि साठवलेले संपलेले असते तेव्हा. नोंद होते न्यूमोनियाची, अतिसाराची, कमी वजनाची. उपग्रहाला त्या वेळी हिरवाईच दिसते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. ज्या राज्याने ‘फॅमिन’ला रजा दिली त्या राज्यातली ही प्रत्येक चौथी रोड झालेली मूल. सत्यजित राय यांनी १९७३ मध्ये ‘अशनि संकेत’ हा बंगालच्या दुष्काळावरचा चित्रपट रंगीत केला तो याचसाठी : भोवती सारे हिरवे आणि रसरशीत असताना माणसे भुकेने मरू शकतात हे त्यांना दाखवायचे होते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो मला गंभीर वाटतो. शब्दाचे एवढे कौतुक कशाला? १९७२ साली कायद्यात ‘फॅमिन’ नव्हता, तरी महाराष्ट्राने माणसे जगवलीच की. हे खरे आहे. १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांवर सबंध गावे राबत होती. सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी या कामगिरीचा आदर्श म्हणून उल्लेख केला आहे, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी हा पुढे १९७७ चा कायदा झाला. माझी आजी त्या कामांवर होती. खडी फोडणे, मुकादम, मस्टर, सुकडी, तांबडी मिलो हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले. सुकडी आवडायची, मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, असे ती सांगे. ‘टंचाई’ हा शब्द मात्र मी तिच्याकडून कधी ऐकला नाही. ‘बाहत्तरचा दुष्काळ’ हेच नाव. तेव्हा माणसे जगली ती ‘फॅमिन’ वगळल्यामुळे नव्हे. मोर्चे निघाले, वृत्तपत्रांनी लिहिले, विधिमंडळात विरोधकांनी सरकारला घेरले, आणि या सर्वांनी वगळलेला अर्थ मराठीत रोजच्या रोज उच्चारला. सरकारी ‘टंचाई’ला लोकांच्या ‘दुष्काळा’ने कामाला लावले, असे म्हणता येईल. चीनमध्ये १९५९ नंतर असा उच्चार करणारे कोणी उरू दिले नव्हते. सेन यांचा प्रसिद्ध सिद्धान्त, की मुक्त वृत्तपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडत नाही, त्याचा भाषिक गाभा हाच आहे.

मात्र हाच सिद्धान्त रोजच्या भुकेपुढे अडखळतो, आणि ते सेन यांनीही सांगितले आहे. मेळघाटातले एक मूल एका पावसाळ्यात गेले, ही बातमी होत नाही. तिला तारीख नाही, जमाव नाही. अशा भुकेला शब्द देणे हे वृत्तपत्राच्या आवाक्याबाहेरचे काम साहित्याच्या वाट्याला येते. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आपण अभ्यासक्रमात वाचतो. मुंबईच्या उपनगरातली खाण बंद पडते, भीमाची मजुरी जाते आणि तो चिता-मढी उकरून सोने शोधू लागतो. मुंबईच्या बाजारात त्या दिवशी धान्याला काही तोटा नाही. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे जातात आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. आपण या कथेतली भीषणता शिकवतो, शेवटाची कलाटणी शिकवतो. तिच्यातले अर्थकारण क्वचितच शिकवतो, आणि सेन यांच्या ग्रंथाचे सारे म्हणणे तिच्यात आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शेणातून पडलेले ज्वारीचे दाणे वेचून, धुऊन त्यांची भाकरी केली जाते. त्या गावात सुगी आहे. जनावरे तृप्त होईपर्यंत कणसे खात आहेत. कोणत्याही निर्देशांकाने तो दुष्काळ नाही. ज्वारी आणि माणूस यांच्यामध्ये इथे पाऊस आडवा आलेला नाही, जात आडवी आली आहे. उष्मांकाच्या कोष्टकात हे कारण मांडायला जागा नाही. आत्मकथनाने ती जागा निर्माण केली.

म्हणून मला वाटते, दलित आत्मकथनांतल्या भुकेला आपण जे ‘दाहक वास्तव’ वगैरे म्हणून पुढे सरकतो, ते थांबवायला हवे. ‘दाहक वास्तव’ हाही एक ‘टंचाईसदृश’ शब्द आहे. त्याने काहीतरी भयंकर आहे एवढे कळते, पण कोणाच्या हातून, कशामुळे, कोणत्या बाजाराने आणि कोणत्या रूढीने, हे झाकले जाते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांमध्ये तो शब्द मी शेकड्याने वाचतो आणि तो विद्यार्थ्यांनी आमच्याच व्याख्यानांतून उचललेला असतो.

यंदा मी एक साधा स्वाध्याय दिला आहे. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून अन्न कमी पडण्याचे जेवढे शब्द मिळतील तेवढे लिहून आणायचे, आणि प्रत्येक शब्दापुढे कोण, केव्हा आणि कशामुळे एवढे तीन रकाने भरायचे. वह्या येऊ लागल्या आहेत. पहिल्या दोन रकान्यांत बहुतेकांनी व्यवस्थित लिहिले आहे. तिसऱ्या रकान्यात अजून अनेकांनी ‘पाऊस पडला नाही’ एवढेच लिहिले आहे. त्या वह्या घेऊन पुढच्या आठवड्यात वर्गात बसायचे आहे. सुरुवात दामाजीपंतांपासून करावी असे मनात आहे.